काट्याखालचा लोहचुंबक

माझा राग लहानपणापासून नाकाच्या शेंड्यावर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं सोनारकाकांवर जी पाळी आली तिला निकेल जबाबदार, लोहचुंबक जबाबदार, की माझं तोंड, हे ज्यानं त्यानं आपलं ठरवावं. माझ्यापुरतं मी कधीच ठरवून टाकलंय.

निजामाच्या राज्याची शेवटची काही वर्षं होती. मी हैदराबादेत रसायनशास्त्र शिकून आदिलाबादला सरकारी शाळेत मास्तर म्हणून आलो होतो. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि वर्गात उर्दू, अशी दिवसभर जिभेची ओढाताण. त्यात उर्दूत रसायनाला कीमिया म्हणतात, त्यामुळं अर्ध्या गावाची समजूत अशी की मास्तर सोनं बनवायचं शिकून आलाय आणि निव्वळ चिक्कूपणानं खडू झिजवत बसलाय. शिकवण्याचं ठीक चाललं होतं. पण माझा एम.एस्सी.चा प्रबंध अर्धा राहिला होता. निघताना आमच्या प्राध्यापकांनी रसायनांच्या दोन-तीन बाटल्या हातात ठेवल्या आणि म्हणाले, तिकडं जाऊन संयुगं बनव, दोन मापं घे, मला पाठव. मापं कशावर घ्यायची हे विचारायचं मला सुचलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मापं कसली, ते सांगतो. घाबरू नका, हे मी आठवीच्या वर्गाला सांगितलंय आणि कोणी दगावलं नाही. निकेल हा धातू. त्याच्या अणूभोवती सेंद्रिय रेणू येऊन बसतात. मधोमध धातू आणि चहूबाजूंनी हे सोबती, असं एक बिऱ्हाड तयार होतं. गंमत अशी की धातू तोच, पण सोबती बदलले की त्याचा सगळा स्वभाव बदलतो. रंग बदलतो आणि लोहचुंबकाशी वागणूकही बदलते. निकेलच्या अंगात इलेक्ट्रॉन असतात, त्यांचा हा खेळ. वर्गात एका बाकावर दोघं बसली की एकमेकांत गुंतून राहतात. एकटं बसलेलं पोर मात्र दारातून कोणी हाक मारली की लगेच मान वळवतं. तसंच हे. एका प्रकारचे सोबती आले तर निकेलचे दोन इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या बाकांवर एकेकटे बसतात, आणि लोहचुंबकानं बोलावलं की ते संयुग तिकडं ओढलं जातं. दुसऱ्या प्रकारचे सोबती त्या दोघांना एकाच बाकावर दाबून बसवतात. मग लोहचुंबकानं कितीही बोलावलं तरी कोणी ढुंकून बघत नाही. पहिलं संयुग जांभळं, दुसरं लालभडक. म्हणजे सोबती निवडायचे आपण, आणि धातूनं लोहचुंबकाचं ऐकायचं की नाही हेही ठरवायचं आपणच. मला त्या वयात याचं इतकं वेड लागलं होतं की मी ताटात भाताची शितं दोन-दोन करून मांडत बसायचो. आई म्हणायची, जेव आधी.

आता ही ओढ मोजायची कशी? पूड काचेच्या नळीत भरायची, नळी नाजूक काट्याच्या एका बाजूला टांगायची आणि तिचं खालचं टोक घोड्याच्या नालेच्या आकाराच्या लोहचुंबकाच्या तोंडात सोडायचं. ओढ असेल तर नळी जड झाल्यासारखी खाली जाते. लोहचुंबक मला जिनिंग कारखान्यातल्या एका मोडक्या इंजिनातून मिळाला. तिथल्या फिटरनं तो काढून देताना, घ्या मास्तर, खेळा, असं म्हटलं, आणि त्या ‘खेळा’चा मला तीन दिवस राग होता. राहिला नाजूक काटा. शाळेच्या काट्यावर खडूचं खोकं ठेवलं तरी तो आधी विचार करायचा. खसखशीचा दाणा ओळखणारा काटा आमच्या भागात एकच होता, तो आळीच्या तोंडाशी दुकान असलेल्या सोनारकाकांचा.

सोनारकाका साठीला टेकलेले, बारीक अंगाचे, बोलण्यात अतिशय काटकसरी. त्यांच्या आजोबांचा तो पितळेचा काटा सागवानी पेटीत असायचा, आणि त्या पेटीला लोखंडाची खीळसुद्धा नव्हती. रोज सकाळी आंघोळ करून ते पेटीला हळदकुंकू लावत, हात जोडत आणि मगच दुकान उघडत. तोलायला गुंजा, त्याहून बारीक हिशेब असला तर तांदळाचे दाणे, आणि त्याहूनही बारीक असला तर चिमट्यानं उचललेली खसखस. एखादं गिऱ्हाईक पंख्यानं वारा घेत असलं तर काका काही न बोलता नुसते बसून राहत, त्याचा पंखा थांबेपर्यंत. दागिना मोडायला आलेल्या बायका काट्याकडं बघतसुद्धा नसत. पाठ करून आपल्या गप्पा मारत. काका सांगतील ते वजन.

मी काटा मागितला तेव्हा काका दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्यांनी मला हाक मारली. काटा दुकानाबाहेर जाणार नाही, मी स्वतः तोलीन, आणि दुपारी आंघोळ करून यायचं, अशा तीन अटी घातल्या. चौथी गोष्ट त्यांना बोलवत नव्हती. काट्याजवळ त्यांच्या घराण्यात कोणी लोखंड आणलं नव्हतं, आणि मी तर लोहचुंबक आणणार होतो. मग त्यांनीच तोड काढली. लोहचुंबक त्यांनी जुन्या रेशमी फडक्यात गुंडाळला, त्यालाही कुंकवाचं बोट लावलं, आणि म्हणाले, चला.

जांभळी पूड पहिल्याच दुपारी तोलली. पूड बनवताना आमच्या घरात असा उग्र वास सुटला होता की आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. नळी टांगली, काका दाण्यांनी काटा बरोबर करून बसले, आणि मी फडक्यातला लोहचुंबक खालून हळूच सरकवला. नळी खाली गेली. काकांनी माझ्याकडं बघितलं. मी लोहचुंबक काढला, नळी वर. पुन्हा सरकवला, पुन्हा खाली. काकांनी चिमट्यानं दाणे टाकत टाकत काटा परत सरळ केला आणि म्हणाले, एक तांदूळ, अकरा खसखशी. मला इतका आनंद झाला की मी त्यांना नमस्कारच केला. काकांना मात्र तो प्रकार दिवसभर पचला नाही. ह्यात लोखंड नाही, हे त्यांनी मला पाच वेळा विचारलं. पाचव्या वेळी मी चिडलो.

लाल पूड तोलायची राहिली होती, कारण ती वाळायला फार दिवस घेत होती. तिच्यासाठी लागणारं रसायन जेमतेम एका खेपेपुरतं होतं आणि ते मी सगळं वापरून टाकलं होतं. संयुग फुगीर असल्यामुळं वाडगाभर दिसत होतं. वारा नको, धूळ नको, पोराटोरांचा हात नको, म्हणून मी तो पितळी वाडगा घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवला. देवघराशेजारच्या कोनाड्यात.

इकडं एक माणूस आमच्या दुपारच्या तोलण्याकडं बघत होता, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. काकांच्या दुकानाला लागूनच एक किराणा दुकान होतं. त्याचा मालक स्वभावानं वाईट नव्हता, पण बघितलेलं पोटात ठेवणं त्याला जमत नसे. मधल्या फळीच्या फटीतून त्याला एवढंच दिसलं की काटा सरळ होता, मास्तरनं खालून काहीतरी सरकवलं आणि काटा झुकला. कोणाचाही हात लागला नव्हता. संध्याकाळपर्यंत ही बातमी चहाच्या दुकानी गेली. दुसऱ्या दिवशी तिच्यात काकांच्या बैठकीखाली पुरलेला लोहचुंबक आला. चौथ्या दिवशी असं ठरलं की सोनार तीन पिढ्यांचा पैसेवाला काही उगाच झालेला नाही. काकांच्या सदऱ्याला कोपरावर ठिगळ होतं, ते कोणाला दिसलं नाही.

लग्नसराई तोंडावर होती आणि काकांच्या दुकानात माशी फिरकेना. जे दागिने घडायला दिले होते ते लोक न घडवता परत न्यायला लागले. काका ज्याचं त्याला मोजून द्यायचे. एक दिवस मी बघितलं तर त्यांनी दुकान उघडलं होतं पण पेटी बाहेर काढली नव्हती. मी विचारलं, काटा कुठंय. म्हणाले, असू द्या घरातच. उगाच लोकाइच्या डोळ्यांवर काऊन आनायचा. मला तिथं उभं राहवेना. माणसानं मला शिव्या दिल्या असत्या तर मी परत दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. पण हे काही देतच नव्हते.

मग मी माझ्या पद्धतीनं निस्तरायला गेलो, म्हणजे चौकात जाऊन भांडलो. लोहचुंबक सोन्याला ओढत नाही, हे मी मराठीत, उर्दूत आणि मोडक्या तेलुगूत ओरडून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग किराणावाल्यानं अगदी शांतपणे विचारलं, "मास्तर, तुमच्या त्या पुडीत लोखंड होतं का?" मी म्हटलं, नव्हतं. "मंग बिनालोखंडाचं ओढलं ना त्यानं? तर सोनंच काऊन नाई ओढनार?" प्रश्न चांगला होता. माझ्या वर्गात कोणी असा विचारला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. तिथं मात्र माझं डोकं फिरलं, आणि मी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं की येत्या बाजाराच्या दिवशी मारुतीच्या देवळात काटा लावतो, सोनंही तोलतो, पुडीही तोलतो, ज्याला बघायचं त्यानं या. काकांना विचारायचं मात्र राहूनच गेलं.

काकांना कळलं तेव्हा त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. मग म्हणाले, ठीक आहे. निकाल द्यायला तहसिलीतून निवृत्त झालेले पेशकारसाहेब ठरले, कारण त्यांना दोन्ही बाजूंचे लोक घाबरत. माझं सोडा, मला शाळा होती, पगार होता. त्या दिवशी देवळात पणाला लागणार होतं ते काकांचं नाव, आणि ते लावलं होतं मी.

वैशाखातली दुपार. सभामंडपात वारा येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मधोमध सागवानी पेटी. घामानं सगळे निथळत होते आणि जो तो टोपीनं, पदरानं वारा घेत होता. काका काट्यापुढं बसले आणि बसूनच राहिले. पाच मिनिटं गेली. मग हळूहळू एकेक टोपी थांबली, एकेक पदर थांबला. तेव्हा काकांनी काटा उचलला.

आधी सोनं. पेशकारसाहेबांच्या मंडळींचा गळ्यातला गोफ नळीत सोडला, म्हणजे कोणाला शंका नको. काकांनी काटा सरळ केला. मी लोहचुंबक सरकवला. काटा जागचा हलला नाही. काढला, सरकवला, काढला, काही नाही. बायकांच्या बाजूनं बरं वाटल्याचा आवाज आला. मग जांभळी पूड. ती ठरल्याप्रमाणं खाली गेली. पेशकारसाहेब मान हलवून म्हणाले, सोना सोना है, दवा दवा है, बात खत्म. लोक उठायला लागले. किराणावालासुद्धा डोकं खाजवत उभा राहिला.

इथं मी गप्प बसलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मास्तर माणूस, धडा अर्धा सोडवत नाही. मी म्हटलं, थांबा, बसा सगळे. हाच धातू, हेच निकेल, पण सोबती बदलले की ते लोहचुंबकाचं ऐकत नाही, हे बघितल्याशिवाय जायचं नाही. मी घरून आणलेल्या वाडग्यातली लाल पूड नळीत भरली, छाती पुढं काढली आणि सांगितलं की ही नळी हलणार नाही.

पेशकारसाहेबांनी विचारलं, "मास्टर, पक्की बात?"

"पक्की," मी म्हटलं. "ही केसभर जरी खाली गेली तर हा काटा खोटा."

काकांनी मान वर केली. "काट्याचं नाव काऊन घेता, मास्तर?" ते हळूच म्हणाले. "तुमचं घ्या."

मी हसण्यावारी नेलं आणि लोहचुंबक सरकवला. नळी खाली गेली. केसभर नाही, चांगली गेली. मी लोहचुंबक काढला आणि पुन्हा सरकवला. पुन्हा गेली. माझ्या डोक्यात बाकच बाक फिरायला लागले, आणि प्रत्येक बाकावर एकेकटा इलेक्ट्रॉन बसून माझ्याकडं बघत होता. तेवढ्यात मला चिमट्याचा आवाज ऐकू आला. काका दुसऱ्या पारड्यात दाणे टाकत होते. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. काटा सरळ झाला तशी त्यांनी नेहमीच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "एक तांदूळ, सात खसखशी."

स्वतःचं नाव बुडवणारं वजनसुद्धा त्या माणसानं एक दाणा इकडचा तिकडं न करता सांगितलं. मला त्या क्षणी जमीन दुभंगली तरी चाललं असतं.

किराणावाला काही बोलणार, तेवढ्यात बायकांतून माझी आई उठली. आई चारचौघांत कधी बोलत नसे. पदर डोक्यावरून पुढं ओढून ती म्हणाली, "त्या नळीत तुजं काई नाई, बाबू. ते कुकू हाय."

मग सगळं बाहेर आलं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आईनं देवघराजवळच्या कोनाड्यात लाल वाडगा बघितला. तिला वाटलं, एवढा चिडका पोरगा, पण हैदराबादेहून आईसाठी कुंकू घेऊन आला आणि सांगायला लाजला. तिला भरून आलं. तिनं ते कौतुकानं आलेल्या बायकांना लावलं आणि वर हैदराबादचं कुंकू म्हणून एकेकीला पुडी बांधून दिली. चार दिवसांनी मी जेवताना माझ्या लाल पुडीबद्दल बोललो तेव्हा तिला घोटाळा कळला. देवाजवळचं कुंकवाचं भांडं रितं ठेवायचं नाही आणि दुसऱ्याची वस्तू घेतली तर तेवढीच परत भरायची, हे तिला लहानपणापासून माहीत. तिनं काकांच्या शेजारच्या किराणा दुकानातून कुंकू आणलं आणि वाडगा होता तेवढा काठोकाठ भरून ठेवला. लाल ते लाल. माझ्या रागाला भिऊन सांगितलं नाही, असंही ती सगळ्यांसमोर म्हणाली. आणि रसायनशास्त्राच्या ह्या पंडितानं वाडग्यातलं कुंकू स्वतःच्या हातानं नळीत भरलं होतं, तरी त्याला ओळखू आलं नव्हतं.

लोक हसायला लागले. पेशकारसाहेब हसले नाहीत. त्यांचं डोकं दफ्तरात पिकलेलं. ते म्हणाले, मान लिया की कुंकू है. पण कुंकू म्हणजे हळद, ती लोहचुंबकाकडं कशाला जाईल? काटा तर अजून खोटाच ठरतो.

काकांनी पेटीच्या कप्प्यातून आपला करंडा काढला. त्यातलं कुंकू त्यांच्या बायकोनं घरी केलेलं, हळद, लिंबू आणि टाकणखार घालून. ते त्यांनी दुसऱ्या नळीत भरलं आणि टांगलं. मी लोहचुंबक सरकवला. नळी हलली नाही. मग काकांनी माझ्या वाडग्यातलं चिमूटभर अंगठ्यावर घेतलं, पाण्याचं बोट लावून चोळलं, वास घेतला आणि उजेडाकडं धरलं. दागिन्याला झळाळी द्यायला सोनार जन्मभर गेरू वापरतो. त्याला गेरू कोण शिकवणार.

"काव हाय," ते म्हणाले. "अर्ध्याच्या वर गेरू हाय ह्याच्यात."

गेरू म्हणजे लोखंडाची माती. ती ओढली जाणारच. माझा जीव भांड्यात पडला, पण ते बघायला कोणाला वेळ होता? बायकांच्या बाजूनं जो कल्लोळ उठला त्यात मारुतीची घंटाही ऐकू आली नसती. भिंतीला फासायचा गेरू आम्ही कपाळाला लावून राह्यलो! सगळ्या एकदम किराणावाल्याकडं वळल्या. किराणावाला पांढराफटक पडला. पोतं बाहेरगावाहून बांधून आलं, मी तसंच विकलं, माझीच बायको तेच लावते, असं तो हात जोडून सांगत राहिला. मला त्या दिवशी ते खोटं वाटलं आणि मी त्याला काय काय बोललो ते आता लिहीत नाही. आज मला वाटतं, तो खरंच बोलत होता. त्यानं ते पोतं सगळ्यांदेखत नाल्यात रिकामं केलं. नाला दोन दिवस लाल वाहत होता.

पेशकारसाहेबांनी निकाल दिला की काटा इतका खरा आहे की त्यानं शेजारच्या दुकानातलं कुंकूसुद्धा पकडलं. काकांचं नाव राहिलं. माझंही थोडंफार राहिलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून आळीतल्या बायका आमच्या घरी पुड्या घेऊन यायला लागल्या. आईनं वाटलेलं माझं संयुग. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळं एकदा लावलं की घामानं उतरत नव्हतं, आणि बायकांना ते फार आवडलं होतं. दोघी-तिघींनी तर परत देताना विचारलंही, मास्तर, अजून करनार असन तर आमाले ठेवा. मी सगळ्या पुड्या एकत्र केल्या, धुतल्या, वाळवल्या, आणि नळीत जेमतेम भरेल एवढं निघालं. काकांनी तोललं. लोहचुंबक सरकवला. खसखशीचा एक दाणाही टाकावा लागला नाही. दोन्ही इलेक्ट्रॉन एका बाकावर, गप्प. मी मापं हैदराबादला पाठवली. प्राध्यापकांचं उत्तर आलं की मापं समाधानकारक आहेत, पण तांदूळ आणि खसखस ही एककं प्रबंधात चालणार नाहीत.

काकांचं दुकान पुन्हा भरलं, पहिल्यापेक्षा जास्त. फक्त एक नवीन रीत सुरू झाली. येणारं गिऱ्हाईक म्हणायचं, काका, तो मास्तरचा लोहचुंबक लावा की खाली. लावला, काटा हलला नाही, की मग ते निश्चिंत. जाणकार बायकासुद्धा आता पाठ करून गप्पा मारत नव्हत्या. पुढं सरकून काट्याकडं डोळे लावून बसायच्या. लोहचुंबक काकांच्या दुकानीच राहिला. कारखान्यातला फिटर दोनदा मागायला आला आणि दोनदा गिऱ्हाइकांनीच त्याला हाकलून लावलं. मला याचा भारी अभिमान वाटायचा. शास्त्र लोकांपर्यंत पोचलं, असं मी शाळेत सांगत फिरायचो.

एकदा दुपारी दुकानात कोणी नसताना मी हेच काकांनाही म्हणालो. ते काटा पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "माह्या आज्यापासून लोक आमच्या तोंडाकडं पाहून सोनं देत होते, मास्तर. आता ह्या लोखंडाकडं पाहून देतात." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी त्यानंतर शाळेत ते सांगणं बंद केलं.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. आपल्या पाटल्या मोडून सुनेला काहीतरी करावं म्हणून आई मला घेऊन काकांकडं गेली. दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं होती. काकांनी सवयीप्रमाणं रेशमी फडकं उलगडून लोहचुंबक काट्याखाली ठेवला. आईनं हातातल्या पाटल्या काढल्या, पण पारड्यात ठेवल्या नाहीत.

"आधी तो काडा, भाऊ," ती म्हणाली. "मंग तोला."

काका तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी लोहचुंबक उचलला, फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. आईनं पाटल्या पारड्यात ठेवल्या, काट्याकडं पाठ केली, आणि बाजूच्या बाईला विचारलं की यंदा तुमच्याकडं लोणच्याला कैऱ्या कुठून आणल्या. काका तांदळाचे दाणे टाकत होते. त्यांनी वजन सांगितलं तेव्हा आई बोलतच होती, आणि तिनं मागं वळून न बघता नुसतं ‘हाव’ म्हणून होकार दिला.